हॉब्सचा ब्रेक आणि हेल्मुटचा पाना

"स्माइली, त्याला सांग, मी त्याच्याबरोबर काडीसुद्धा उचलणार नाही," हॉब्स म्हणाला.

'त्याला' म्हणजे हेल्मुटला. हेल्मुट काही लांब नव्हता. दहा-बारा पावलांवर आपल्या क्रेनच्या सावलीत बसून खिशातल्या चाकूने सफरचंद कापून खात होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"हॉब्सला सांग," एक फोड तोंडात टाकून तो म्हणाला, "मग एकट्याने उचल. पडताना बघायला मी येईन."

मी दोघांच्या मधोमध उभा होतो. दोघंही इंग्रजीच बोलत होते, तरी प्रत्येक वाक्य माझ्याकडून जायला हवं होतं. पोस्टात सुद्धा एवढं काम नसेल.

स्माइली म्हणजे मी. खरं नाव इस्माईल. गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठी. मुंबईच्या गोदीत काही वर्षं काढून मी अबू धाबीला आलो होतो. साठचं दशक होतं. यूएई नावाचा देश तेव्हा झालेला नव्हता. बेटावर एक किल्ला, झावळ्यांची घरं, मोजक्या सिमेंटच्या इमारती आणि बाकी वाळू. बाजारात रुपयेच चालत, दुकानदार हिंदी बोलत, त्यामुळे परदेशात आलोय असं मला पहिले काही महिने वाटलंच नाही. परदेश कळला तो कॅम्पमधल्या गोऱ्यांमुळे.

माझं काम बँक्समनचं. हा शब्द बाहेरच्यांना माहीत नसतो. क्रेन चालवणारा उंच केबिनमध्ये बसलेला असतो. माल खाली कुठे टेकतोय, कोणाच्या पायावर येतोय, हे त्याला बऱ्याचदा दिसत नाही. खाली उभा राहून हाताच्या खुणांनी त्याला सांगणारा माणूस म्हणजे बँक्समन. वर, खाली, डावीकडे, थांब. ड्रायव्हरने फक्त त्याच्या हाताकडे बघायचं. शेजारी मॅनेजर बोंबलत असला तरी बघायचं नाही. आणि काही चुकलं तर पहिला जाब बँक्समनला, कारण हात त्याचा.

त्या वेळी जे उचलायचं होतं, त्यावर सगळ्या कॅम्पचा जीव होता. आम्ही तिथे गोड्या पाण्याचा प्लँट उभा करत होतो. समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ धरायची, ती थंड केली की झालं पिण्याचं पाणी. तोवर आम्ही विहिरीचं मचूळ पाणी पीत होतो. साबणाला फेस येत नसे. चहा साखर घालून खारट-गोड लागे. अर्ध्या कॅम्पची पोटं कायम बिघडलेली असत आणि जुलै-ऑगस्टचा खरा उन्हाळा तर अजून यायचा होता. प्लँटचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे एक लांबलचक लोखंडी पिंप. आमच्या कोकणी मेसचे आचारी दाऊदचाचा त्याला 'डेग', म्हणजे जेवणावळीचा मोठा हंडा, म्हणत. पुढे सगळा कॅम्पच डेग म्हणायला लागला, गोरेसुद्धा.

ही डेग बार्जवरून येत होती. बार्ज म्हणजे सपाट बुडाची, बिनइंजिनाची बोट. टग तिला ओढून आणतो. आमची जेट्टी म्हणजे दगड-मातीचा नुसता बांध. तिथे बार्ज लागायची तर उधाणाचीच भरती हवी. दुपारी पाणी चढणार, डेग उचलून काठावर ठेवायची आणि पाणी उतरायच्या आत बार्ज बाहेर काढायची. राहिली तर तिचं बूड रेतीत टेकणार, ती कलणार आणि डेगसकट अडकणार. ही भरती चुकली तर टगवाले बार्ज घेऊन पुढच्या बंदराला निघून जाणार होते. परत कधी येणार ते त्यांनाच ठाऊक. म्हणजे भर उन्हाळ्यात पुन्हा तेच पाणी.

आणि डेग एका क्रेनच्या आवाक्यातली नव्हती. दोन क्रेन लागणार होत्या. एका टोकाला हॉब्स, दुसऱ्या टोकाला हेल्मुट. याला टँडेम लिफ्ट म्हणतात. दोन भाऊ जिन्यावरून कपाट उतरवतात ना, तसंच. एकाने घाई केली की सगळा भार दुसऱ्याच्या अंगावर. फरक इतकाच की कपाट निसटलं तर बोटं चेंगरतात. इथे क्रेन कलंडते.

आता हे दोघं भाऊ तीन महिने एकमेकांशी बोलत नव्हते.

आमचा साइट मॅनेजर मॅकफर्सन. त्याने मला ऑफिसात बोलावलं.

"लिफ्ट परवा आहे. बँक्समन तू."

"सर, मी एवढी मोठी लिफ्ट कधी केलेली नाही. एखादा सीनियर..."

"इंग्लिश माणूस दिला तर हेल्मुट म्हणेल, हा हॉब्सच्या बाजूचा. जर्मन दिला तर हॉब्स बसून राहील. तू कोणाचाच नाहीस."

हे कौतुक होतं की अपमान, ते मला आजतागायत समजलेलं नाही.

"सर, तुम्ही इंग्लिश आहात, तुम्ही हॉब्सला एकदा समजावून..."

मॅकफर्सनने पेन खाली ठेवलं. "मी स्कॉटिश आहे."

"सॉरी सर."

"इंग्लिश माणसाला समजावणं आम्हाला तीनशे वर्षांत जमलं नाही. जा तू."

मुंबईच्या गोदीत असताना आमच्या लेखी गोरा म्हणजे गोरा. एकच जात. टोपी घातलेली, नाक लाल झालेलं, घाईत असलेली. इथे येऊन पाहिलं तर आमच्या गावच्या मोहल्ल्यांत नाहीत एवढे गट त्यांच्यात! कँटीनमध्ये इंग्लिश लोकांचं टेबल पंख्याखाली. डच आणि जर्मन दाराजवळ, पण डच लोक जर्मनांकडे पाठ करून बसणार. इटालियन वेल्डर कुठेही बसणार आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलणार. प्रत्येक जण मला बाजूला घेऊन बाकीच्यांबद्दल सावध करून गेलेला. इंग्लिश म्हणाले, जर्मनांना हसता येत नाही. जर्मन म्हणाले, इंग्लिश लोकांना मापं घेता येत नाहीत. इटालियनांबद्दल सगळ्यांचं एकमत, आणि इटालियनांचं सगळ्यांबद्दल. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण इंग्रजीत नसेल, पण माणसं तीच होती.

हॉब्स-हेल्मुटच्या भांडणाचं कारण विचारलं की सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. युद्ध. हॉब्स लिव्हरपूलचा. लहानपणचं त्याचं घर बॉम्बमध्ये गेलेलं. हेल्मुट हॅम्बुर्गचा. त्याचंही तसंच. दोघं विशीच्या आसपास सैन्यात होते. "वीस वर्षांत असलं विसरत नाही कोणी," डच सर्व्हेअर म्हणाला. ब्रूनो नावाचा इटालियन वेल्डर होता. तो माझा दोस्त. त्याचं मत वेगळं.

"युद्ध वगैरे काही नाही, स्माइली. इंग्लिश माणूस बोलायला लागू नये म्हणून चहा पितो. जर्मन माणूस बोलायला लागू नये म्हणून काम करतो. ते जमतील कसे?"

"आणि तुम्ही?"

"आम्ही युद्धात दोन्ही बाजूंनी लढलो. म्हणून आमचं सगळ्यांशी जमतं."

संध्याकाळी मेसमध्ये मी दाऊदचाचांपुढे डोकं धरून बसलो. चाचा श्रीवर्धनचे, वयाने वडिलांसारखे. भाकरी थापता थापता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आरे, यात गोऱ्यांचा काय विशेष?" चाचा म्हणाले. "त्या बाजूच्या मालबारी मेसच्या भंडाऱ्यानं माजा तवा नेला होता. घासून पुसून चकचकीत करून आनून दिलान. मी चार दिस त्याच्याशी बोललो नाय. आता तू सांग, ही पन दोन मुलकांची लडाई काय?"

"तवा घासून दिला तर वाईट काय, चाचा?"

"वाईट काय म्हनजे? भाकरी चिकटायला लागली ना! तवा माजा, त्याच्यावरचा कालेपना पन माजाच." त्यांनी भाकरी उलटली. "तू इचारलास त्या दोगांना?"

विचारलं नव्हतं. खरं तर कॅम्पमध्ये कोणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांना कारण आधीच माहीत होतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी खुणांचा प्रश्न घेतला. प्रत्येक देशाच्या खुणा थोड्या वेगळ्या असतात. हॉब्सच्या गोदीत मूठ उघड-मीट केली की 'हळूहळू घे'. हेल्मुटच्या शिपयार्डमध्ये मूठ मिटली की 'थांब'. म्हणजे मी मूठ मिटली असती तर एक क्रेन थांबली असती आणि दुसरी चालत राहिली असती. मग डेग, मी आणि आमची नोकरी तिघंही पाण्यात. मी मूठच काढून टाकली. हळू म्हणजे एका हाताने खूण आणि दुसरा तळवा तिच्यावर आडवा. थांब म्हणजे दोन्ही हात पसरलेले.

"ही जर्मन खूण आहे?" हॉब्सने संशयाने विचारलं.

"नाही. मुंबईची."

हेल्मुटनेही विचारलं. "ही इंग्लिश खूण?"

"नाही. मुंबईची."

दोघांनीही मान्य केल्या. मुंबईबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

मग मी हॉब्सच्या केबिनमध्ये चढलो. परवानगी घेऊन, हे मुद्दाम सांगतो. त्याची क्रेन जुनी. सीटवर बायकोने विणलेली लोकरीची उशी, काचेवर लिव्हरपूलच्या फुटबॉल क्लबचा चिकटवलेला फोटो, कोपऱ्यात चहाचा फ्लास्क. त्याने मला झाकणातून चहा दिला. खारट.

"मिस्टर हॉब्स, एक विचारू? त्याच्यावर एवढा राग कशाचा? युद्धाचा?"

"कसलं युद्ध?" हॉब्स माझ्याकडे बघतच राहिला. "युद्ध केव्हाच संपलं. त्याने माझा ब्रेक बदलला!"

मग सगळं बाहेर आलं. मार्चमध्ये हॉब्स तापाने आजारी होता. काम थांबू नये म्हणून ते दिवस हेल्मुटने त्याची क्रेन चालवली. त्याला ब्रेक सैल वाटला, त्याने तो आवळला. हा ब्रेक पायाचा असतो. पेडल दाबलं की दोर गुंडाळणाऱ्या रिळाभोवतीचा पट्टा आवळला जातो आणि माल धरून राहतो. पट्टा किती घट्ट हवा, तो खालच्या एका नटवर ठरतो. सगळ्या क्रेनचा सारखा नसतो आणि ड्रायव्हरच्या पायाला तो पाठ झालेला असतो.

"मी बरा होऊन आलो," हॉब्स म्हणाला. "नेहमीसारखा पाय दाबला. पायपांची मोळी खाली येत होती, ती गचकन थांबली. मोळी झुलली. खाली माणूस उभा होता. त्याच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेली ती. एक शब्द सांगितला नव्हता त्याने मला. आमच्या गोदीत दुसऱ्याच्या मशिनला हात लावत नाहीत. लावलाच तर आधी सांगतात. मी त्या दिवशी माणूस मारला असता, स्माइली."

मला ती मोळी चांगली आठवत होती. पायपांचा वारा कानाला लागला होता. मी तेव्हा हसून टोपी सारखी केली होती आणि जेवायला गेलो होतो. गोदीत असलं रोज होतं.

"तो माणूस मी होतो," मी म्हणालो.

"मला माहीत नाही का?" हॉब्स खेकसला आणि बाहेर बघायला लागला.

मी उतरलो ते थेट हेल्मुटकडे गेलो. त्याची केबिन दवाखान्यासारखी स्वच्छ. पाने मापाप्रमाणे ओळीने टांगलेले. मी ब्रेकचं विचारलं तसा त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"ब्रेक धोक्याचा होता," तो म्हणाला. "पेडल दाबलं तरी माल सरकायचा. आमच्या यार्डात धोका बघून जो गप्प बसतो तो गुन्हेगार. मी दुरुस्त केला. माझ्या सुट्टीच्या वेळात. तो बरा झाला. मला वाटलं थँक यू म्हणेल. त्याने काय केलं? पुन्हा सैल केला!"

"पण त्याला आधी विचारायचं होतं."

"ब्रेक काय परवानगी मागून निसटतो?" त्याचा आवाज चढला. "त्या क्रेनखाली दिवसभर कोण उभा असतो? मी? हॉब्स? तू उभा असतोस! मी काय करणार होतो, वाट बघणार होतो?"

मी वाळूत उभा होतो आणि डोळ्यांत पाणी आलं. वारा होता म्हणून बरं, कोणाला सांगावं लागलं नाही. घर सोडून आलेला माणूस मी. माझ्या डोक्याची काळजी माझी आई सोडून दुसरं कोणी करत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि इथे एक इंग्लिश आणि एक जर्मन त्याच डोक्यावरून तीन महिने अबोला धरून बसले होते. तेसुद्धा माझ्याशी बोलत, पण मला न सांगता!

"हेल्मुट," मी शेवटी म्हणालो, "आमच्या गोदीत दुसऱ्याच्या मशिनला हात लावायचा तर आधी त्याच्यापुढे विड्याचं पान धरतात. तो पान घेतो, मग काय ते बोलायचं. तू एकदा जाऊन नुसतं विचार. अजून ब्रेक सैलच आहे."

"विचारणार नाही. मी बरोबर होतो."

हॉब्सकडे परत गेलो. "तो बरोबर असेल तर ब्रेक आवळून घ्या ना."

"तो बरोबर होता हे मी कधी नाकारलं?" हॉब्स म्हणाला. "पण आता आवळला तर तो म्हणेल, बघा."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता. मॅकफर्सनला सांगावं तर दोघांपैकी एकही क्रेनवर चढला नसता आणि भरती चुकली असती.

लिफ्टच्या दिवशी सगळा कॅम्प जेट्टीवर आला होता. दाऊदचाचा चूल विझवून आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. ब्रूनो आणि त्याचे वेल्डर तेलाच्या रिकाम्या पिंपांवर चढून बसले होते. टगने बार्ज आणून लावली. डेगच्या दोन्ही टोकांना वायररोपचे फास घातले, हुक अडकवले. मॅकफर्सन पाण्याकडे आणि घड्याळाकडे आलटून पालटून बघत होता.

मी दोन्ही केबिन दिसतील अशा जागी उभा राहिलो. बाह्या वर केल्या. दोघं माझ्या हातांकडेच बघत बसले होते.

पहिल्यांदा नुसतं जमिनीपासून सुटं करून बघायचं असतं. याला ट्रायल लिफ्ट म्हणतात. हातभर उचलायचं, थांबायचं, सगळं धरून राहतंय ना ते बघायचं. मी दोघांना 'हळू, वर' दिलं. दोर ताणले. डेग करकरली आणि बार्जवरून सुटली. दोन्ही टोकं एका पातळीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोन्ही हात पसरले. थांब.

हेल्मुटचं टोक थांबलं. हॉब्सचं टोक थांबलं, आणि मग हळूच खाली यायला लागलं. बोटभर. चार बोटं. केबिनच्या काचेतून मला हॉब्सचा चेहरा दिसत होता. तो सगळं वजन टाकून पेडलवर उभा राहिला होता. पट्टा धरत नव्हता. डेग त्याच्याकडे कलायला लागली आणि हेल्मुटच्या क्रेनचा मागचा भाग जमिनीवर कुरकुरला.

मी दोघांना 'हळू, खाली' दिलं. हेल्मुटने माझ्या हाताबरोबर हॉब्सच्या घसरणाऱ्या टोकाला गाठलं, दोन्ही टोकं एकदमच बार्जवर टेकली. त्याने घाई केली असती किंवा दोन क्षण उशीर केला असता तर हे लिहायला मी नसतो.

मॅकफर्सन काहीतरी म्हणायला पुढे आला. मी त्याला हाताने थांबवलं. मॅनेजरला! पण त्या दिवशी हात माझा होता.

हेल्मुट क्रेनमधून उतरला. त्याच्या हातात पाना होता. तो लांब ढांगा टाकत हॉब्सच्या क्रेनकडे निघाला. मला वाटलं, झालं, आता इथेच दुसरं महायुद्ध पुन्हा सुरू होणार. इंग्लिश लोकांपैकी दोघं-तिघं पुढे सरकले. डच सर्व्हेअरने माझ्याकडे 'सांगितलं होतं ना' असं बघितलं.

हेल्मुट केबिनच्या खाली जाऊन उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली. वर बघितलं.

"मिस्टर हॉब्स," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मे आय?"

हॉब्स घामाने निथळत होता. त्याने रुमालाने तोंड पुसलं. काचेवरच्या फोटोकडे बघितलं. पाणी उतरायला लागलं होतं, दगडांवर ओला पट्टा दिसत होता. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"हे मार्चमध्ये विचारायचं होतंस," हॉब्स म्हणाला.

"हो," हेल्मुट म्हणाला. "मार्चमध्ये विचारायचं होतं."

"मग ये. डावीकडचा नट जाम आहे, जपून."

हे काम एकट्याने होतच नाही. एकाने वर पेडल दाबून सांगायचं, एकाने खाली पाना फिरवायचा. वरून हॉब्स ओरडत होता, "थोडा अजून... बस, माझ्या पायाला एवढाच लागतो... नाही, अर्धा फेरा मागे." खालून हेल्मुट सांगत होता, "अर्धा नाही, पाव." तीन महिन्यांचं बोलणं त्यांनी त्या एका नटवर काढलं. मॅकफर्सन घड्याळ बघत तळमळत होता. पण मधे तोंड घालायची त्याचीही हिंमत झाली नाही.

मग हॉब्सने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. तिकडे हेल्मुट आपल्या केबिनमध्ये जाऊन बसला.

ट्रायल पुन्हा घेतली. मी हात पसरले. दोन्ही टोकं हवेत खिळल्यासारखी थांबली. 'हळू, वर.' डेग चढत गेली, बार्जच्या कडेवरून आली, जेट्टीवर वळली. दोघांच्या क्रेन वेगळ्या, इंजिनांचे आवाज वेगळे, पण डेग पाण्याच्या पातळीसारखी आडवी. मी हात करायच्या आधीच त्यांना कळतंय असं मला वाटायला लागलं. शेवटी लाकडाच्या ठोकळ्यांवर ती टेकली तेव्हा साधा आवाजही झाला नाही.

टगने बार्ज बाहेर काढली तेव्हा तिचं बूड रेतीला घासत होतं. पण निघाली.

दाऊदचाचा माझ्याजवळ आले, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाले, "आता ह्ये हात धू आनि जेवायला चल." जेवताना त्यांनी मला माशाचा मधला तुकडा वाढला. आमच्या मेसमध्ये याहून मोठं पदक नव्हतं.

हॉब्स आणि हेल्मुट त्यानंतर गळ्यात गळे घालून फिरायला लागले असं काही झालं नाही. कँटीनमध्ये टेबलं तीच राहिली. पण हेल्मुटला हॉब्सकडून साधं फडकं हवं असलं तरी तो क्रेनखाली टोपी काढून उभा राहायचा आणि गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "मे आय?" हॉब्स वरून राजासारखी मान हलवायचा. महिन्याभरात सगळा कॅम्प हे बोलायला लागला. एकदा तो मालबारी आचारी आमच्या मेसच्या दारात उभा राहून म्हणाला, "चाचा, मे आय?" चाचांनी मुकाट्याने तवा दिला. वर बजावलं, "घासू नको."

ऐन उन्हाळ्यात प्लँट सुरू झाला. पहिलं गोडं पाणी आलं त्या दिवशी मी कळशी भरून आणली आणि दोघांना त्याचा चहा नेला. मला वाटलं, आता डोळे मिटून पितील. हॉब्सने घोट घेतला, तोंड वाकडं केलं. हेल्मुटने घेतला, तोंड वाकडं केलं.

"याला चवच नाही," हॉब्स म्हणाला.

"अजिबात नाही," हेल्मुट म्हणाला.

एवढा खटाटोप करून आणलेल्या पाण्याला दोघांनी नावं ठेवली, आणि त्यावर त्यांचं पहिल्यांदा पूर्ण एकमत झालं. मी तो चहा स्वतः प्यायलो. अमृत होता.

पुढे मी अबू धाबीच्या पश्चिम टोकाकडच्या रुवैसपर्यंत बऱ्याच साइट केल्या. हाताखाली बरेच देश आले, बऱ्याच भाषा आल्या. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी मी त्याला खुणा शिकवायचो. त्याच्याही आधी एक गोष्ट सांगायचो. दुसऱ्याच्या ब्रेकला हात लावायचा असेल तर आधी विचार, तू बरोबर असलास तरी. आणि वर बसलेला तू असशील, तर कोणी विचारलं की फार ताणू नको, लवकर हो म्हण. खाली कोणीतरी उभं असतं.